बाकं रिकामी होती

"ए, उभा राह्य रे."

इंग्रजीच्या क्लासात सरांनी खडू माझ्याकडे रोखला होता. माझं वय सत्तरच्या वर. सर चाळिशीचे. मी दाराजवळ जमिनीवर बसलेलो. गुडघ्यावर हात टेकून उठलो.

"हा आमच्या बगीच्यात होता," सर पोरांना म्हणाले. "लहानपणापासून पाहून राहिलो मी याले. चला, याच्यावरच दोन वाक्यं बनवू."

पहिलं फळ्यावर लिहिलं, मोठ्यानं वाचलं. "ही वर्क्ड इन अवर ऑर्चर्ड." सिंपल पास्ट. काम केलं, संपलं, विषय मिटला. मग दुसरं लिहिलं. "ही हॅज ऑलवेज सॅट ऑन द फ्लोर." प्रेझेंट परफेक्ट.

"म्हणजे काय? पहिलेबी खालीच बसे, अन् आजबी खालीच बसून राहिला. समजलं?"

समजलं. सगळ्यांना एका झटक्यात समजलं. एक पोट्टा ओरडला, "सर, बाबा तो पूरा ग्रामर है!" हसणं थांबता थांबेना. खालच्या कृषी केंद्रातही ऐकू गेलं असेल.

मलाही समजलं. इतके दिवस डोकं फोडून राहिलो होतो, हे दोन काळ वेगळे कसे ते कळत नव्हतं. त्या दिवशी कळलं. असं कळलं की पुन्हा कोणी सांगायची गरज नाही.

मी सौंसरचा. बौद्ध. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. जन्म गेला संत्र्याच्या बगीच्यात; मालक याच सरांचा बाप. तोडाई केली, कॅरेटं वाहिली, झाडांभोवती आळी केली. म्हाताऱ्याला इंग्रजी शिकायचं काय अडलं होतं, असं सगळेच विचारतात. अडलं होतं. नागपूरला डोळ्याच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा दोन डॉक्टर माझ्या डोक्यावरून इंग्रजीत बोलून राहिले होते. डोळा माझा. त्याचं काय बिघडलं ते मला सोडून खोलीत सगळ्यांना ठाऊक. मी विचारलं तर पोरगा म्हणाला, "बाबा, तुमाले समजून काय करा लागते?" परका कोणी नाही म्हणाला, माझाच पोरगा म्हणाला. घरी आलो आणि क्लास लावला. फीस पोट्ट्यांएवढीच दिली, एक पैसा कमी नाही.

पहिल्या दिवशी जिना चढून गेलो. दाराबाहेर चप्पल काढली. बाकं रिकामी होती. मागची अख्खी ओळ रिकामी. आणि मी खाली बसलो. कोणी सांगितलं नाही. सरांचं तोंड दिसलं आणि पाय आपोआप दुमडले. त्यांच्या घरी मजुरी घ्यायला जायचो तेव्हा ओसरीच्या खाली असाच बसायचो. चहा मिळायचा. कप आपला आपण धुवायचा आणि गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घालायचा, घरातल्या कपांत नाही. हे सर तेव्हा चड्डीवर फिरायचे आणि मला नावानं हाक मारायचे, रे लावून. माझा बाप त्याच जागी बसला होता. बसायचं कसं हे त्याला पाहून शिकलो. शाळेत नाही शिकलो तेवढं पक्कं ते शिकलो.

सरांनी मला खाली बसलेलं रोज पाहिलं. "वर बसा" हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. माझ्या त्या बसण्याचं वाक्य मात्र त्या दिवशी निघालं.

"झालं. बस आता," सर म्हणाले.

माझे गुडघे वाकायला लागले. अर्धे वाकले आणि थांबले. राग नव्हता आला तेव्हा. लाज आली. सरांची नाही, या माझ्या पायांची. बगीचा सोडून किती साल झाले. मालकाचं काम संपलं, मजुरी संपली, कोनाड्यातला तो कपही फुटला असेल. बसणं तेवढं उरलं होतं. ते मी स्वतःच्या अंगात घेऊन जिना चढलो होतो.

मी सरळ झालो. पहिल्या बाकापर्यंत गेलो आणि बसलो. तिथल्या पोरीनं बॅग ओढून घेतली.

"सर, ते दुसरं वाक्य पुसा."

"काहून?"

"खोटं झालं ते."

"अरे, उदाहरण हाय ते. एवढं काय मनाले लावून घेतं?"

"मंग तुमच्या बापावर बनवा उदाहरण."

हसणं बंद. सर लाल झाले, पुसलं नाही. मी उठलो, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं वाक्य पुसलं आणि परत येऊन बसलो. कोणी माझ्या बाजूनं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी सून त्यांच्याच बगीच्यात तोडाईला गेली. बगीच्याच्या दिवाणजीनं तिला फाटकातूनच परत पाठवलं. घरी येऊन तिनं डबा आपटला.

"तुमचं इंग्रजी ताटात वाढू का मी?"

पोरगा म्हणाला, "माफी मागून टाका बाबा, दोन शब्दाचं काम." मी क्लासाला जात राहिलो. माझ्या बाकावर आता कोणी बसत नाही. सर सगळ्यांना विचारतात, मला सोडून. मी ऐकतो.

काल दिवाणजी घरी आला. वयानं माझ्या पोराएवढा.

"मालक म्हणून राहिले, सरले माफी माग. क्लासात ये, पण पहिल्यासारखा दाराजवळ खाली बसत जाय. तुह्या सुनेचं काम उद्यापासून चालू."

सून दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"दिवाणजी, मालकाले सांगा. माफी नाई. खालीबी नाई."

"बुढ्या, भुकेनं मरशीन."

"मरीन. पण बसीन बाकावर."

आज पहाटे सून रामाकोन्याला कापूस वेचायला गेली. दूर पडतं, मजुरी कमी. तिच्या पाठीवरचा हा भार माझ्यामुळे आहे, ते मी नाकारत नाही. पण माझा बाप खाली बसला, मी खाली बसलो. सुनेनंही त्या ओसरीखाली बसावं, याला माझा होकार त्यांना मिळणार नाही.

संध्याकाळी क्लास आहे. मी पहिल्या बाकावर बसणार. उठवायचं असेल त्यानं मला हात लावून उठवावं. सगळ्यांसमोर.