एवढासाच शनी

दुपारचं जेवण झालंय आणि मी वामकुक्षीसाठी डाव्या कुशीवर आडवा झालोय. शास्त्रात डावी कूस सांगितली आहे. शास्त्रातला एवढाच भाग मी कटाक्षाने पाळतो. डोक्यावर पंखा घरघरतोय. घरघरता घरघरता तो वेधशाळेचा घुमट होऊन फिरायला लागतो, आणि मी भैरोबाच्या डोंगरावर रांगेत उभा आहे.

'सर्वांसाठी आकाशदर्शन', दर महिन्याचा दुसरा शनिवार. दुर्बिणीशी माझा कॉलेजपासूनचा मित्र सुधाकर नवाथे. कानटोपी, मफलर, हातात लाल टॉर्च. तो मार्चमध्ये गेला. रांगेत कुणालाच त्याचं काही वाटत नाही. माझ्यापुढच्या आजी चपला काढून दुर्बिणीला नमस्कार करतात.

"आजी, पाया पडू नका. नुसतं बघा."

"शनी आहे ना? साडेसाती मागे लागली तर तुम्ही येणार का निस्तरायला?"

"तो एकशेतीस कोटी किलोमीटरवर आहे."

"तरी तिथून लागतेच की."

रांग सरकते. आता आम्ही रेशनच्या दुकानात आहोत. दुर्बीण वजनकाट्याच्या जागी आहे, छत कुणीतरी काढून नेलंय.

बारा वर्षांपूर्वी मी याच दुर्बिणीला डोळा लावून "अप्रतिम!" म्हणालो होतो. त्यावर लेखही लिहिला. नवाथेने तो फ्रेम करून वेधशाळेच्या दारात लावला. दिसलं मात्र काहीच नव्हतं. मागे चाळीस माणसं खोकत होती. दवाखान्यात शेवटी त्याने माझा हात धरून विचारलं होतं, "दिसली होती ना रे कडी?" मी "दिसली" म्हणालो. तिसऱ्या दिवशी तो गेला.

"नवाथे, मला तेव्हा काही दिसलं नव्हतं."

"माहितीय."

"कसं?"

"ज्याला दिसत नाही तो 'अप्रतिम' म्हणतो. ज्याला दिसतं तो 'एवढासाच?' म्हणतो, आणि पुढे जाऊन काचेवर चित्र चिकटवलंय का ते बघून येतो."

"मग लेख लावलास कशाला?"

"शुद्धलेखन चांगलं होतं."

"आणि दवाखान्यात का विचारलंस?"

"म्हटलं, आता तरी खरं सांगशील." तो कसलासा स्क्रू फिरवतो. "लेखकराव, त्या दिवशी तू दुर्बिणीवरचा डोळा मिटून घेतलास आणि दुसऱ्याने माझा स्वेटर बघत होतास. उजवा उघड. डावा मीट. आणि नीट टेक, लाजू नकोस."

मी डोळा टेकवतो. रबर गार आहे. आधी नुसता काळोख. मग काठावरून काहीतरी सरकत येतं. मसुरीच्या दाण्याएवढं, पिवळट. भोवती कडं. दाणा आणि कडं यांच्यामध्ये बारीक फट आहे, आणि फटीतून पलीकडचा काळोख दिसतोय.

"एवढासाच?" मी म्हणतो.

नवाथे हसायला लागतो. हसता हसता त्याचा आवाज घरघरतो.

पंखा. सुलभा चहा घेऊन उभी आहे.

"चष्मा घालून झोपलात की काय? डोळ्याभोवती केवढा वळ उठलाय. अगदी गोल."

चष्मा टेबलावर आहे. मी अजून डाव्या कुशीवरच.

"डाव्या डोळ्याभोवती ना?"

"नाही हो. उजव्या."