कानावर घातलं होतं

अँब्युलन्सच्या फोनवर बसणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे ऑपरेटरच म्हणत. त्याचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागलं असतं. निम्मं आयुष्य त्यानं कानाला फोन लावून काढलं. लोक रडत, ओरडत, स्वतःचा पत्ता विसरत, आणि हा शांतपणे म्हणे, "मी ऐकतोय, सांगा." त्या एका वाक्यावर त्याचं घर चाललं होतं आणि रुबाबही.

बायकोचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्यानं जुनी का होईना, गाडी घ्यायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला त्याची गाडी विकायची होती. औषधवाला भला माणूस, पण बोलणं असं की स्वतःच्या मिशीलाही ऐकू जाऊ नये. गिऱ्हाइकाचं दुखणं चारचौघांत कळू नये म्हणून लागलेली ती सवय, गाडीत बसल्यावरही सुटली नाही. ऑपरेटर गाडी चालवून बघत होता, औषधवाला शेजारी बसून पुटपुटत होता, आणि हा पठ्ठ्या मान डोलावत होता. "हो हो. चालेल की." घरी येऊन बायकोला म्हणाला, "काय शांत इंजिन आहे गं. चालू आहे की बंद, तेच कळत नाही."

पहिल्याच रविवारी दोघं फिरायला निघाली. सिग्नलला गाडी थांबली तशी बायको म्हणाली, "अहो, ही खोकतेय."

"कोण?"

"गाडी. ऐका ना. फट फट, मग गप्प, मग पुन्हा फट. तो स्कूटरवालासुद्धा वळून बघतोय."

त्यानं ऐकलं. काच खाली करून ऐकलं. लांब कुठंतरी गिरणी चालावी तसं जाडसर घुमणं तेवढं होतं. खोकला कुठंच नव्हता. 

"जुन्या गाडीचं असंच असतं," त्यानं ठोकून दिलं. पुढं चढ लागला आणि गाडी आचके द्यायला लागली. आचके त्याला कळत होते, सीट हादरत होती, स्टिअरिंग हातात थरथरत होतं. फक्त आवाज नव्हता. बायको काहीतरी बोलली, त्यातलं "दाखवू या" एवढंच त्याला ऐकू आलं. त्यानं मान डोलावली.

घरी आल्यावर ती वर गेली, आणि त्यानं गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलं. आधी डावा कान जवळ नेला, मग उजवा. मग भीत भीत पत्र्यावर तळहात ठेवला. हाताला सगळं कळत होतं. धक धक धक, आणि मधेच एक ठोका गाळलेला. कानाला त्यातलं काहीच पोचत नव्हतं. गाडी मेकॅनिककडे नेता येते हो, हे कुठं न्यायचं? आणि नेलं तर ऑफिसात कळणार. कळलं तर फोन हातातून जाणार. फोन गेला तर तो कोण?

भ्यायलेला माणूस आधी चिडतो, तसा तो चिडला. बायकोला घेऊन तडक दुकानात गेला. "फसवलंत मला," तो गरजला. "गाडी मिसिंग मारते आणि तुम्ही तोंडातून चकार शब्द काढला नाहीत."

औषधवाल्यानं हातातला खोका खाली ठेवला. समोरच्यानं आवाज चढवला म्हणून त्यानंही आयुष्यात पहिल्यांदा चढवला. "अहो, असं कसं म्हणता? मी तुमच्या कानावर घातलं होतं. गाडीतच. एक सिलिंडर नीट मारत नाही, चढावर त्रास देईल, आधी ते बघून घ्या, असं दोनदा म्हणालो. तुम्ही म्हणालात, चालेल. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे." मग पुन्हा नेहमीच्या आवाजात तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाले?" ऑपरेटरनं बायकोला विचारलं.

"नको असेल तर गाडी परत घेतो म्हणतायत," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघतच राहिली.

औषधवाला लबाड निघाला असता तर किती बरं झालं असतं, असं ऑपरेटरला मनापासून वाटलं. घरी जाताना त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. आणखी कुठं कुठं आपण अशी मान डोलावली? आणि मग ती बाई आठवली, मागच्या महिन्यातली. सासऱ्यांचा श्वास अडकलाय म्हणत होती. यानं ऐकलेल्या पत्त्यावर, सात नंबरच्या घरी, अँब्युलन्स पाठवली. ती माणसं साठ नंबरला राहत होती. म्हातारा वाचला, पण अँब्युलन्स फार उशिरा पोचली. बाईनं घाबरून चुकीचं सांगितलं असणार, असं साहेब म्हणाले. यानंही तेच म्हटलं. पण ती बाई घाबरली नव्हती, अगदी नीट बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. वेळ मारून न्यायची सवय अशी सहजासहजी जात नाही. हेडफोन लावला, आवाज शेवटापर्यंत वाढवला, आणि देवाचं नाव घेऊन बसला. पहिलाच फोन एका बापाचा होता. मूल पडलंय, शुद्धीवर नाही.

"मी ऐकतोय, सांगा."

बापानं पत्ता सांगितला. ऑपरेटरला गल्ली कळली, घराचा नंबर कळला नाही. "पुन्हा सांगा." बापानं पुन्हा सांगितलं. चाळीस होतं की बेचाळीस होतं की भलतंच काही. बोटं कीबोर्डवर तयार होती. एक आकडा टाकला असता तर गाडी निघाली असती, आणि कुणी त्याला काही विचारलंही नसतं.

तो उठून उभा राहिला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंकडे वळून तो म्हणाला, "ताई, हा फोन तुमच्याकडे घ्या. मला ऐकू येत नाही."

हे तो किती मोठ्यानं बोलला ते त्याला कळलं नाही. सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, आतल्या केबिनमधले साहेबसुद्धा. ताईंनी एक बटण दाबलं, पत्ता एकदाच ऐकला आणि गाडी पाठवली.