पूजेचा बेल्ट

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात टावर चढण्यात माझा हात धरणारा कुणी न्हाई. सेफ्टी ट्रेनिंगला मात्र मला जमिनीवर उभा असतानाच नापास केलं.

शिरूरजवळ एका मैदानात आम्हा मोबाईल टावरवर चढणाऱ्यांचं ट्रेनिंग व्हतं. मी आन् माझा जोडीदार सिद्धार्थ न्हावऱ्यावरनं एकाच गाडीवर गेलो. ट्रेनर साबळे सर, हळू बोलणारा माणूस. आल्या आल्या म्हणाले, "चढायचं नंतर बघू. आधी बेल्ट दाखवा."

बेल्ट म्हंजी नुसता कंबरपट्टा न्हाई. खांद्यावरनं आन् मांड्यांमधनं पट्टे येत्यात, पाठीवर एक लोखंडी कडी असती. त्या कडीला दोर, दोराला हूक, हूक टावरला. माणूस पडला की सगळं वजन त्या कडीवर येतं. पडला न्हाई तर कडीला कामच न्हाई. वरीसभर नुसती बसून असती, माझ्यासारखी.

माझा बेल्ट बघून पोरं हसली. हळद, कुकू, झेंडूची वाळकी पाकळी.

मी छाती काढून म्हणलो, "सर, दसऱ्याला पूजा केलेला हाय. असा बेल्ट हितं दुसऱ्या कुणाचा असंल तर दाखवा."

सरांनी पट्टा उलटा वाकवला आन् बोट फिरवत गेले. कडीपाशी बोट थांबलं. त्यांनी कुकू पुसलं. खाली काळा, चकचकीत, कडक डाग.

"हे काय?"

"काजळी असंल, सर."

"काजळी पुसली जाते. हे वितळलंय. उदबत्ती कुठं लावली होती?"

आता सगळ्यांम्होरं सांगावं लागलं. घरात उदबत्तीचं घर सापडंना, म्हणून मी उदबत्त्यांचा जुडगा त्या कडीतच खोचला. उभा बी मस्त राहिला. मी नारळ फोडला आन् जेवाय बसलो. जुडगा जळत जळत पट्ट्याला टेकला. उठून बघतो तर काळं झालेलं. वंगाळ दिसाय नको म्हणून मीच वरनं कुकू थापलं.

"पट्टा जाड हाय, सर. एवढ्यानं काय हुतंय?"

सर बेल्ट घेऊन बाजूला गेले. तिथं माणसाच्या वजनाची वाळूची गोणी व्हती. तिला माझा बेल्ट चढवला, दोर कडीत अडकवला, गोणी वर ओढली आन् सोडली. टर्रकन आवाज झाला, मग धप्प. वर दोराला नुसती कडी लोंबकळत व्हती. गोणी खाली फुटलेली.

कुणी हसलं न्हाई. सिद्धार्थनं म्होरं जाऊन ती कडी हातात धरली.

गेल्याच आठवड्यात मांडवगण फराट्याच्या टावरवर त्यानं हाच बेल्ट घातला व्हता. त्याच्या बेल्टचं बक्कल बिघडलं म्हणून मीच दिला. "पूजेचा हाय, घाल बिनधास्त." वर अँटेना फिरवताना त्याचा पाय घसरला. दोन्ही हातांनी टावरचा लोखंडी अँगल धरून लोंबकळला. आन् मी खाली भेळ खात वरडलो व्हतो, "सोड की हात! बेल्ट हाय की!"

त्यानं सोडला न्हाई. मी सांगितलेलं तो कवाच ऐकत न्हाई, ते बरं.

सरांनी माझ्या हातात कात्री दिली. "काप. नुसता टाकला तर दुसरा कुणीतरी उचलून घालतो."

मी पट्टा कापाय लागलो. सर सगळ्यांना सांगत व्हते, आपली पाठ आपल्याला दिसत न्हाई, जोडीदाराची कडी जोडीदारानं बघायची, रोज, चढायच्या आधी. आता मी बघतो. पण त्या दिवशी मला नापास करून पुढच्या बॅचला बसवलं.

येताना न्हावऱ्याच्या फाट्यावर चहाला थांबलो. सिद्धार्थनं दोन कप सांगितले. मलाच राहवंना.

"सिद्धा, खरं सांगतो, लई मनापास्नं पूजा केली व्हती रं."

त्यानं कप खाली ठेवला.

"दत्ता, तुला बेल्ट नीट बघायचा व्हता. तू त्याच्या पाया पडलास."