तिची मिरची आणि घरची लाईट

बायको गेली तेव्हा तिची मिरची गच्चीवर वाळत होती. देठं तिनेच खुडलेली. म्हणाली होती, "यंदा आपल्याच डंकावर कुटू." दिवसकार्य झाल्यावर मी मिरची डब्यात भरली. ठरवलं, कुटायची तर तिथेच.

मसाला कुटायचा आमचा डंक बोरिवलीच्या जुन्या चाळीखाली, गाळ्यात होता. मोटर नि पट्टा माझा, मुसळं तिची. दोन ठोक्यांच्या मधे हात घालून मसाला सारायची. मी ओरडायचो, "काठी घे गं!" ती म्हणायची, "काठीला काय कळतंय? तुम्ही पट्टा बघा."

ती असतानाच चाळ पाडून टॉवर झाला. खोली मिळाली, गाळा गेला. डंक पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली पडला.

वायरमन बोलावला. त्याने मोटर बघून मान हलवली. "काका, ही तीन फेजची. गाळ्यात कारखान्याची लाईन होती. घरात एकच फेज येते."

"लाईट ती लाईट रे. फ्रिज चालतो ना?"

"फ्रिजची मोटर एवढीशी. हिला तिघांनी पाळीपाळीने ढकलायला लागतं असं समजा. एकट्याने नाही फिरत."

"मग लिफ्ट कशी चालते?"

"तिला तीन फेज आहे. सोसायटीची."

ती लाईन मागायला सेक्रेटरीकडे गेलो. तो हसला. "आजोबा, पार्किंगमध्ये मिरची कुटणार? बिल्डिंग शिंकून मरेल."

मग मीच दोन वायरी पार्किंगमधल्या साध्या प्लगला जोडल्या. मोटर नुसती घुमली, हलेना. पट्टा काढून पुली हाताने गरकन फिरवली, तशी धरला की तिने वेग! मला रडू आलं. चालत्या मोटरवर पट्टा चढवला, गाळ्यात चढवायचो तसा. मुसळ उचललं, एकदाच पडलं. मोटर कण्हली, अडली. वायर काढेपर्यंत धूर झाला. आतली तार जळाली. उखळात मूठभर मिरची होती. एका ठोक्यात काय होतं? फुटलीसुद्धा नाही.

डंक भंगारात गेला. सून म्हणाली, "बाबा, मी मिक्सरला लावते. मिक्सर चालतो घरच्या लाईटवर." चांगल्या मनाने म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो.

परवा डबा उघडला. मिरचीत किडे झालेत. निवडून काढावेत म्हणून परातीत ओतली, बसलो. तिने खुडल्यात, एकीलाही देठ नाही. हात चालेना. तशीच किड्यांसकट परत भरली आणि झाकण लावलं.