पहिलारू

माणूस भेटला की आमचे ढोरडॉक्टर आधी त्याची चाल बघत, मग खालची पापणी ओढून डोळा बघत, आणि नमस्कार सगळ्यात शेवटी. शहाद्याच्या गुरांच्या दवाखान्यातून ते सायकलवर आमच्या कळसाडीला येत. घाटावरचे गृहस्थ. अहिराणी समजे, बोलत मात्र पुस्तकी. मिशीला पीळ देणारे कापूसवाले त्यांच्यापुढे पापणी ओढून घ्यायला निमूट उभे राहत.

माझे सासरे दुपारी जेवणाआधी रोज कुणावर तरी तुटून पडत. "स्वभावच शे त्यासना," असं सासूबाई म्हणत. डॉक्टर म्हणाले, "स्वभाव नाही मावशी, भूक आहे. उन्हं चढली की गूळ-शेंगदाणे देत जा." दिले, आणि आरडाओरडा खरंच कमी झाला.

मी नंदुरबारची, मॅट्रिक झालेली, कादंबऱ्या वाचून टम्म फुगलेली सून. मला हे कसं सोसावं? पदर सावरून मी ऐकवलं, "डॉक्टर, माणसाला मन असतं."

"असतं की, सूनबाई. पण राहतं कुठे? शेजारच्या घरी?"

मी मनातल्या मनात उत्तर जुळवायला लागले. आणि मग माझं पहिलं बाळंतपण आलं.

मला आई नव्हती, म्हणून बाळंतीण सासरीच झाले. मुलगा झाला. कादंबऱ्यांत लिहिल्याप्रमाणे आता माझं काळीज भरून येणार, म्हणून मी वाट बघत पडून राहिले. काही भरून आलं नाही. कुणीतरी आपलं गाठोडं माझ्या खाटेवर विसरून गेलंय, असं वाटे. तो रडला की मी भिंतीकडे तोंड करी आणि मीही रडे. थोरल्या जाऊबाईंचं पोर अंगावर पीत होतं, त्याच माझ्या मुलालाही पाजू लागल्या.

घरात ठरलं, की मला भगताकडे न्यायचं, तिथून वडिलांकडे सोडायचं आणि मुलगा जाऊबाईंकडे ठेवायचा. मी नको म्हणाले नाही. आपण नको का म्हणत नाही, याचीच मला भीती वाटत होती.

निघायचं त्याच सकाळी डॉक्टर बैलाचा खूर बघायला आले. अंगणात जुंपलेली गाडी बघून त्यांनी विचारलं, "कुठे निघालात?"

"पोरले हात लावत नई ती. काही बाहेरनं शे," सासूबाई म्हणाल्या.

ते माझ्यासमोर उकिडवे बसले. झोप लागते का, अन्न जातं का, विचारलं. मी म्हटलं, "मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही." हे मी पहिल्यांदाच कुणापुढे बोलले. त्यांना धक्का वगैरे बसला नाही. फक्त सासूबाईंकडे वळले.

"मावशी, तुमची पांढरी गाय पहिलारू होती, पहिल्यांदाच व्याली होती, तेव्हा वासराला लाथा मारत होती. तिला कुठल्या भगताकडे नेलं होतं?"

"बाई आनि गाय एकच शे का, डाक्टर?"

"बाळंत होण्यात एकच. फरक इतकाच, की गाईला कुणी टोमणे मारत नाही."

जाऊबाई पदराआड हसल्या. मला मात्र गाईच्या रांगेत उभं केल्याचा संताप आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी आलं होतं.

"व्याल्यावर रक्तात मोठी उलथापालथ होते," ते म्हणाले. "मी ढोरांचा डॉक्टर, औषध मी देणार नाही. गाडी जुंपलीच आहे, तर शहाद्याच्या डॉक्टरीणबाईंकडे न्या. हिला झोपू द्या, टाकून बोलू नका, आणि पोर हिच्या नजरेआड करू नका. वासरू जवळच बांधायचं असतं."

सासूबाई उठून गाडीशी गेल्या. मग गाडीवानाला म्हणाल्या, "शहादाले चाल."

डॉक्टरीणबाईंच्या औषधाने झोप लागू लागली, पण प्रेम काही पूर येऊन आलं नाही. एका दुपारी जाऊबाईंनी मुलाला वाकडं काजळ लावलं आणि मला भयंकर राग आला. मी त्यांच्या हातातून त्याला ओढून घेतलं, पदराने काजळ पुसलं आणि दुसरं लावलं. तेही वाकडंच झालं. पण मग मी त्याला परत दिला नाही.

पुढे डॉक्टरांची बदली खांडबाऱ्याकडे झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा मूल माझ्या मांडीवर झोपलं होतं. मी विचारलं, "डॉक्टर, आता जे वाटतंय, तेही नुसतं रक्तातलंच का?"

त्यांनी सायकलच्या दांड्याला टेकून विचार केला. "असेल. पण दूध कुठून येतं ते कळलं म्हणून ते पातळ होत नाही, सूनबाई."

मनाविषयी माझ्याकडे एक लांबलचक, मॅट्रिकला शोभेलसं उत्तर तयार होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगा भुकेने ओरडत उठला, आणि मी त्याला घेऊन आत गेले.