टोमासच्या गाडीचं गाऱ्हाणं

नारळ सोलला की त्याची सोडणं मागच्या पडवीत टाकायची, ही आमच्या घरची रीत. ढीग करायचा म्हणून कोणी करत नाही. पण वर्षभराने बघावं तर तो पडवीच्या वाशांना टेकलेला असतो. टोमासच्या गाड्यांच्या गोष्टी आमच्या घरात अशाच साचल्या. एकेक आली, टाकली मागे, आणि आता चहाला चार माणसं जमली की त्यातलीच एखादी ओढून काढावी लागते.

टोमास आमचा भाडेकरू. चेक नावाचा देश आहे, तिकडचा. मालवणला पाण्याखालचे मासे बघायला पर्यटक येतात, त्यांना बुडी मारायला तो शिकवतो. त्याच्या देशाला समुद्रच नाही, असं तो सांगतो. समुद्र नसलेल्या देशातला माणूस इथे येऊन लोकांना समुद्र शिकवतो, आणि लोक शिकतात! पुस्तकी मराठी तो येतानाच शिकून आला, मालवणी मात्र माझ्या घरकारणीकडून, म्हणजे बायकोकडून, शिकतोय, जेवणही तिच्याच हातचं. बाकी माणूस अगदी सरळ.

त्या सरळपणाचीच सगळी भानगड झाली.

*

आल्या आल्या त्याने मालवणच्या बाजारातल्या एका शिंप्याची जुनी मोटारसायकल घेतली. शिंप्याने किंमत सांगितली, याने खिशातून पैसे काढून दिले आणि गाडी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन बसला. तोंड उतरलेलं.

"काय झाला? गाडी परत होई?" मी विचारलं.

"गाडी नको. पण ह्येका सांगा, कायतरी कमी कर म्हणान."

टोमासला काही कळेना. "पण तू सांगितलेली किंमत मी दिली."

"ताच तर! मी सांगतलंय ती सांगूची किंमत. घेवची येगळी आसता. आता माझी बायल म्हणता, तुया कमीच सांगतलंस, म्हणान त्येना गुमान दिल्यान. कालपासून माका धड जेवूक घालणा नाय."

मग चहा ठेवला आणि भाव करायला बसलो. टोमासने बराच विचार केला आणि जास्त किंमत सांगितली. शिंप्याने कपाळावर हात मारला. शेवटी वाडीतल्या दाजींना बोलावून आणलं. ते टोमासच्या बाजूने तासभर भांडले. शिंप्याने थोडे पैसे परत केले, "माका लुटलास रे लुटलास" म्हणत उठला, आणि शीळ घालत घरी गेला. पुढच्या आठवड्यात गाडीच्या सीटला फुकट कव्हर शिवून दिलं.

*

दाजी कोण ते सांगायला हवं. जमीन, म्हैस, सोयरीक आणि गाडी, या चार गोष्टी ते जुळवून देतात आणि चारही ठिकाणी एकच प्रश्न विचारतात: "विकतास कशाक?" सोयरिकीतसुद्धा. त्यांचं म्हणणं, वस्तू बघायची नाही, देणाऱ्याचं तोंड बघायचं.

दोन वर्षं टोमास मोटारसायकलवर सुखी होता. मग यंदा मे महिन्याच्या तोंडावर त्याच्या आईचा फोन आला. ती भेटायला येणार होती. वय माझ्याएवढं, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. येतानाचं तिकीट तिचं एकटीचं होतं, जातानाची दोन काढली होती. दुसरं टोमासचं.

"आई म्हणते, चाळीस वर्षांचा झालास," टोमास आम्हाला सांगत होता. "तुझ्याकडे छप्पर असलेली गाडीसुद्धा नाही. हे काय जगणं? ती बघणार, आणि नाही पटलं तर मला घेऊन जाणार."

"आणि तू जातलंस?" घरकारणीने विचारलं.

"ती आई आहे, काकी."

आमची दोन्ही मुलं मुंबईला असतात. घरकारणीने त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं, आणि मी ती तशीच खाल्ली. संध्याकाळी ती स्वतः दाजींच्या घरी गेली.

"दाजीनू, तेका गाडी घेवन दिया. छप्पर असलेली. म्हातारी येवच्या आधी."

*

पहिली गाडी बघायला गेलो फोंडाघाटला. जीप होती. मालक भला माणूस. घर चढावर, त्याच्या खाली रस्त्याकडेला जीप, तोंड उताराकडे. बसलो. मालकाने ब्रेक सोडला, जीप आपसूक घरंगळली, आणि थोडी खाली गेल्यावर इंजिन काय सुंदर लागलं! बाजार फिरलो. परत येताना त्याने ती पुन्हा उतारावरच लावली.

टोमास खूश. दाजी मात्र मालकाच्या तोंडाकडे बघत होते.

"विकतास कशाक?"

मालकाने लेकीची गोष्ट काढली. म्हणाला, "चेडवाक सपाट गावात दिलंय."

"मग?"

"माझा घर उतारार. दुकान उतारार. सासुरवाडी उतारार. इतकी वर्सां कधी चावी फिरवची पाळी येवक नाय. आता चेडवाकडे गेलंय की येताना जावयाक ढकलूक लावतंय. मागच्या खेपेक जावय घरात नाय म्हणान सांगतल्यान. माका तेचे पाय दिसत होते, पडद्याखालसून."

आमचं गाव खाडीच्या काठाला, ताटासारखं सपाट. वाडीतला सगळ्यात मोठा उतार म्हणजे आमच्या घराची पायरी. आम्ही चहा पिऊन निघालो. निघताना जीप ढकलायला हात लावला, तेवढंच पुण्य.

*

दुसरी आंबोलीला. तिथे पाऊस इतका की उभ्या माणसावर शेवाळ यावं. एका म्हातारीच्या घरामागे गाडी उभी होती, नवऱ्याच्या मागे राहिलेली. बाहेरून हिरवीगार होती. टोमासने कौतुकाने विचारलं, "मूळ रंग हाच?"

"पांढरो," म्हातारी म्हणाली.

इंजिन चांगलं निघालं. टायर बरे. दाजींनी विचारलं, "विकतास कशाक?" म्हातारी म्हणाली, "माका चलवूक येना नाय." इतकं सरळ उत्तर दाजींना आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. सौदा ठरल्यात जमा होता. टोमासने मागचा दरवाजा उघडला, आणि आतून त्याच्या हातावर चोच बसली.

मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"पिल्लां भायर पडली की गाडी न्हेवा," म्हातारी म्हणाली.

दाजींनी मान डोलावली. मीही डोलावली. अंड्यांवर बसलेली कोंबडी कोण उठवतो? टोमास बोट चोखत म्हणाला, "पण आई त्याच्या आधी येणार."

शेवटी टोमासनेच मार्ग काढला. गाडी कोंबडीसकट घेऊन जातो, पिल्लं झाली की सगळी आणून देतो.

म्हातारीने त्याला खालून वर बघितलं. "कोंबडी विकूक नाय," ती म्हणाली, आणि घरात गेली.

*

आता दिवस थोडे राहिले. घरकारीण टोमासच्या ताटात जास्त वाढायची आणि मग त्याच्याकडे बघत बसायची.

तेवढ्यात पिंगुळीच्या आपांची व्हॅन कळली. ती कुडाळ-मालवण फेऱ्या मारायची. आपांनी फेरी बंद केली होती. "विकतास कशाक?" या प्रश्नाला आपांनी सात-आठ वेगवेगळी उत्तरं दिली, म्हणजे दाजींना एकही मिळालं नाही. तेव्हा दाजींनी शेवटचा उपाय काढला.

आमच्याकडे नवीन काम असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने नारळ धरून देवाला सगळं सांगायचं, बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. गाडी घेतली की घेणारा गाऱ्हाणं घालतो. दाजींनी ते सौद्याच्या आधी ठेवलं आणि नारळ विकणाऱ्याच्या हातात दिला.

"आपानू, गाडी तुमची. तुम्हीच घाला गाऱ्हाणा. देवाक सांगा, कशी आसा ती. किंमत मगे."

आपांना घाम फुटला. पण नारळ हातात आल्यावर काय करणार?

"बा देवा म्हाराजा," आपांनी सुरू केलं, "आज ही गाडी ह्या परदेशी लेकराच्या हातात जाता, ती गोड मानून घे."

"होय म्हाराजा," आम्ही म्हटलं.

"इंजिन बरा आसा, म्हाराजा."

दाजी गप्प. त्यांना बघून मीही गप्प. आपांनी एक डोळा उघडून बघितलं.

"बरा म्हणजे... थंडीत जरा खोकता, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"वायपर एकच हलता, म्हाराजा. तोय मनात इला तर."

"होय म्हाराजा."

"मागचो दरवाजो आतसून उघडना नाय. खिडकीतसून हात घालून भायरसून उघडूचो लागता, म्हाराजा."

"होय म्हाराजा." सगळ्यात मोठा आवाज टोमासचा. त्याला हे फार आवडलं होतं. दाजी मनातल्या मनात प्रत्येक होयला किंमत खाली आणत होते, ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"आणि लोक चढतत, म्हाराजा."

दाजींनी डोळे उघडले. "लोक?"

"बाजाराच्या बायका. तेंका ह्या गाडीची सवय आसा. फेरी बंद केली तरी हात दाखवतत. माझी बायल म्हणता, घरची कामां पडली आणि तू गाव पोचवीत फिर. म्हणान विकतंय, म्हाराजा. पण जो घेतलो तेना तेंका नाय म्हणू नये. हात दाखवल्यार थांबाक होया..."

"थांब, थांब रे," दाजी टोमासला म्हणायला गेले.

"होय म्हाराजा!" टोमास म्हणाला.

झालं. देवासमोर बोललेला शब्द. आपांनी नारळ फोडला. किंमत दोन वाक्यांत ठरली, कारण लपवायला कोणाकडेच काही उरलं नव्हतं. परत येताना अर्ध्या वाटेवर दाजी म्हणाले, "इतक्या खऱ्यान माणसाचो धंदो कसो चलतलो?"

*

एक गोष्ट आपांनी देवालाही सांगितली नव्हती. गाडीला वास होता. वर्षानुवर्षांच्या माशांचा.

टोमासने साबणाने धुतली, लिंबू चोळलं. घरकारणीने धूप घातला. मग दाजी म्हणाले, पिकलेला फणस आत ठेवा, वास ओढून घेतो. दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी दरवाजा उघडला तर मासे होते तिथेच होते, आणि त्यांच्या शेजारी फणस येऊन बसला होता.

"बरा झाला," घरकारीण म्हणाली. "म्हातारीन वास कसलो इचारल्यान तर सांगाक एक तरी बरा नाव आसा."

*

आईला आणायला आम्ही गोव्याच्या विमानतळावर गेलो. टोमास, दाजी आणि मी. म्हातारी उंच, ताठ, हातात काठी. तिने टोमासला मिठी मारली आणि मग गाडीभोवती एक फेरी घातली. टायरला काठी लावून बघितली. वाकून खाली बघितलं. मग एक वाक्य बोलली.

"काय म्हणता?" दाजींनी विचारलं.

"विचारते, ही कोणी विकली आणि का विकली."

दाजींनी नमस्कार केला. मला हळूच म्हणाले, "बाई जाणकार आसा."

ती मागे खिडकीशी बसली, मी तिच्या बाजूला. रस्ताभर टोमास आरशातून तिच्याकडे बघायचा आणि ती बाहेर बघायची. मला कळत होतं, हे लक्षण चांगलं नाही.

कुडाळला बाजाराच्या वळणावर तीन बायका टोपल्या घेऊन उभ्या. गाडी बघताच तिघींनी हात वर केले.

टोमासने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तो शब्द देवाला दिलेला, मी काय सांगणार? गाडी थांबली.

"गो बाय, सर गो थोडी," पहिली म्हातारीला म्हणाली. म्हातारी सरकली. दुसरी बसली, तिसरी बसली, टोपल्या पायांत आल्या. पुढच्या तिठ्यावर आणखी दोघी. त्यांनी म्हातारीला तिच्या टोपीचा भाव विचारला, मग ती डोक्यावरून काढून आपापल्या डोक्यावर घालून बघितली. पाहुणीचा चेहरा बघायचा मला धीर होईना.

पहिली उतरायची वेळ आली. ती आतून दरवाजा ओढायला लागली, उघडेना. मी उठेपर्यंत म्हातारीने खिडकीतून हात बाहेर घातला आणि बाहेरून खटका ओढला. दरवाजा उघडला. ती बाई उतरली. टोमास पैसे घेत नाही हे दाजींनी बायकांना चढतानाच सांगितलं होतं, पण फुकट बसायची आमच्या बायकांना लाज. तिने कागदात गुंडाळलेले दोन बांगडे म्हातारीच्या मांडीवर ठेवले. "धर गो."

दुसरीने कोकमाची सोलं दिली. तिसरीने पानातली करवंदं. गाडी पूर्ण थांबायच्या आधीच आता म्हातारीचा हात खिडकीबाहेर जायला लागला. एक बाई काही न देताच उतरली. म्हातारी तिच्याकडे नुसती बघत राहिली. ती चार पावलं गेली, परत आली, आणि टोपलीतला केळ्यांचा फणा तिच्या मांडीवर ठेवून गेली.

घरी पोचलो. घरकारीण भाकरीचा तुकडा ओवाळायला दारात उभी होती. म्हातारीने ओवाळून घेतलं, काठी टेकत खळ्यात आली आणि मांडीत गोळा झालेलं सगळं पदरासारख्या धरलेल्या कोटातून जमिनीवर ओतलं. बांगडे एका बाजूला केले, फळं एका बाजूला. मग टोमासकडे वळून बराच वेळ बोलली.

"काय म्हणता रे आवस?" घरकारणीने विचारलं. हातातलं तबक तिने अजून खाली ठेवलं नव्हतं.

"इचारता," टोमास म्हणाला, "सकाळची पयली फेरी कितीक सुटता?"