वरातीनं आणलेला मुरूम

मोठ्याई, म्हणजे माझी थोरली काकू, गेल्याची बातमी घेऊन गावचा माणूस भर पावसात सायकलवर फुलचूरला, माझ्या सासरी आला. सायकलवर! पूर्वी याच दिवसांत गावच्या वाटेवर बैल पोटापर्यंत रुतायचे. मला रडू कोसळलं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटला...

स्वातंत्र्य आलं त्या पावसाळ्यात तिची धाकटी जाऊ, बाळंतपणात अडलेली, दवाखान्यात नेताना चिखलात फसलेल्या गाडीतच गेली. ती माझी आई. मोठ्याईनं मला पोटाशी धरलं आणि पुढच्या लगीनसराईत नियम घातला. गावात येणाऱ्या वरातीनं शिवेवरच्या टेकाडाचा मुरूम दर गाडीमागे टोपलीभर आणून वाटेच्या खड्ड्यांत टाकायचा, मगच ओवाळणी. काका गावचे पाटील, पण पाटीलकी हिची! लोक कुरकुरत टोपल्या उचलायचे आणि म्हणायचे, हिच्या लेकीच्या, सरूच्या लग्नात पाहू.

सरूचं लग्न तिरोड्याकडच्या बड्या घरी ठरलं. वरात शिवेवर आली, मोठ्याई ओवाळणीचं ताट घेऊन उभी, आणि शेजारी रिकाम्या टोपल्या. व्याही भडकले.

"वऱ्हाडाले बिगारी समजून राहिल्या का जी? गाड्या वापस नेतो!"

घरात हळद लागलेली सरू माझा हात घट्ट धरून बसली होती; शिवेवरची खबर पोरं पळत आणत होती. काका हात जोडत होते. मोठ्याईनं ताट माझ्या आत्याकडे दिलं, पदर खोचला आणि टोपली भरून स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"तुमची सून याच वाटेनं जाईल. तिची गाडी फसू देऊ काय? तुमच्या वाट्याचं मी टाकतो."

नव्या लुगड्यातली नवरीची आई मुरूम वाहतेय, हे काही व्याह्यांना बघवेना. त्यांनी टोपली हिसकावून घेतली. लग्न लागलं, पण त्यानंतर ते आमच्या घरचं पाणीही प्यायले नाहीत. मोठ्याईला ते लागलं होतं. तरी नियम तिनं एका वरातीलाही माफ केला नाही.

तेराव्याला व्याही आले. ओसरीवर बसले आणि काकांना म्हणाले,

"दोन सालांपासून आमच्या गावात मीच वराती अडवून राहिलो. लोक शिव्या देतेत. इनबाईले सांगाचं राहून गेलं."

विहिणीसाठी त्यांनी डोळे पुसले, आणि पाणी मागितलं.